शून्य, दहा, शून्य

जिनिंगच्या धर्मकाट्यावर मी बसतो.
रिकाम्या काट्यावरही आकडा गप्प राहत नाही.
शून्य, दहा, शून्य.
कुत्रं चढलं तर वीस.
ड्रायव्हर विचारतात, हे दहा किलो कोणाचे?
मी म्हणतो, हवेचे.

पहाटे साडेपाचला
राळेगावच्या पुढे, न झालेल्या बायपासवर
मी तेच दहा किलो शोधत असतो.

बायपास म्हणजे अडीच किलोमीटर काँक्रीट.
मग नाला. नाल्यावर पूल नाही,
नुसते तीन खांब, खांबांवर बगळे.
गावानं तिथं तूर वाळत घातलीय.
राखणीला झोपलेल्या इस्तारीआबाजींनी
पहिल्याच आठवड्यात आपली ताडपत्री
एका कडेला ओढून घेतली.
बोलले काही नाहीत.

गाडी दोनशे सीसीची, जुनी, चंद्रपूर पासिंग,
टाकीवर आधीच्या मालकाच्या गुडघ्यांचे फिकट डाग.
शिकवतो मोबीन.
त्याच्या उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी आहे,
थंडीत ठणकते.
"जो पडला नाई ना, त्याच्यापाशी शिकू नोको."

पहिला गिअर. पंचवीस, तीस.
क्लच दोन बोटांनी, अर्धा श्वास, सोड.
चाक उठतं वीतभर, हातभर,
आणि माझं मनगट आपोआप मिटतं.
धप्प.
फोर्कचे सील दोनदा बदलले.
"उचलून नाई राह्यला बे तू,
मागून राह्यला तिले!
तिले जायचंच हाये वर. काऊन अडवतं?"

एका रविवारी जिनिंग बंद होती.
त्यानं पुढचं चाक रुईच्या गठाणींवर चढवलं,
मागचं दगडं लावून बांधलं,
इंजिन बंद, आणि म्हणाला, बस.
अर्धा तास बस.
काय दिसते?
पत्रे. पत्र्याच्या भोकातून ऊन.
एक चिमणी.
रस्ता?
नाही.
"मंग? थो दिसनारच नाई. कडंच्या पऱ्हाट्या पाहाच्या,
डोळ्याच्या कोपऱ्यातून.
आन् बिंदू तुले वाटते तिथं नाई. मांगं हाये.
जिथं वाटते आता मेलो,
तिथून चार बोटं मांगं."

त्या चार बोटांसाठी माझा आख्खा माघ गेला.

उजवा पाय ब्रेकवर, हे मात्र तो रोज बजावायचा,
आई पोराला पैसे देताना बजावते तसं.
पुढं गेली तर थ्रॉटल, मागं कलली तर पाय.
मी दिवसभर काट्यावर बसून
टेबलाखाली बुटाचा अंगठा दाबायचो, सोडायचो.
कापसाची गाडी, भरलेली. अंगठा.
तीच गाडी, रिकामी. अंगठा.

मग एक दिवस मोबीन आलाच नाही,
कोणाचा तरी ट्रॅक्टर वडकीजवळ बंद पडला होता.
मी एकटाच.
तीस. क्लच.
चाक उठलं, आणि मनगट
मिटायचं विसरलं.
पऱ्हाट्या गेल्या. ताडपत्रीचा निळा गेला.
आभाळ, एवढंच समोर,
आणि त्यात माझंच चाक
हळूहळू थांबत चाललेलं,
कोणी फिरवून सोडून दिल्यासारखं.
गाडीनं मागणं बंद केलं.
इंजिनचा आवाज खाली बसला, गुरगुरला नाही,
नुसता होता.
पोटात जिथं नेहमी दगड असतो
तिथं आकडा लुकलुकला.
शून्य,
दहा,
शून्य.

चार सेकंद असतील. पाच म्हणावंसं वाटतं.

मग पायानं थोडं दाबलं
आणि चाक खाली आलं
रिकामा ट्रक काट्यावर चढतो तसं,
खिडकीची काचही न थरथरवता.

नाल्यापाशी थांबलो. बगळे उडाले नव्हते.
परत येताना आबाजी उठून बसले होते,
तुरीत हात घालून शेंग फोडत.
म्हणाले, "आज बोंबलली नाई तुही गाडी."
बस, एवढंच.

मोबीनला सांगितलं. तो म्हणाला, दाखव.

दुसऱ्या दिवशी,
तो उभा, आबाजी उभे,
दूधवालाही थांबलेला.

धप्प.